डोळ्यातलं जाळं : इब्न अल-हैथम ते कफ्लर

माझे अब्बा शिंपी. चाळीस वर्षं एकाच मशिनवर बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुया हरवायला लागल्या. हातातून सुई पडायची, बहुतेक वेळा डाव्या गुडघ्यापाशीच असायची आणि ते भलतीकडे शोधत बसायचे. "यहींच गिरी थी, गई किदर?" असं पुटपुटायचे. आम्ही हसायचो. वय झालं म्हणायचो. चष्म्याचा नंबर दर वर्षी तपासून घेत होतो आणि भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरं ते न अडखळता वाचत होते. मग नजरेत दोष असेल असं वाटणार तरी कसं?

शेवटी एका डॉक्टरांनी डोळ्यात दिव्याने बराच वेळ पाहिलं आणि 'फील्ड टेस्ट' करायला सांगितली. अंधारी खोली, अर्ध्या गोलासारखं पांढरं यंत्र, हनुवटी टेकायला जागा आणि हातात एक बटण. तिथली मुलगी म्हणाली, "चाचा, समोरच्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं." मी मागे स्टुलावर बसलो होतो. टक... टक... मध्येच बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक. बाहेर आल्यावर अब्बा खुशीत होते. म्हणाले, "एकही बत्ती सोडली नाही."

कागदावर मात्र उजवीकडे वर आणि डावीकडे खाली काळ्या कमानी उमटल्या होत्या. काचबिंदू. अब्बांना ते पटेना. "काळं असतं तर मला दिसलं असतं की! मला तर सगळं भरलेलं दिसतंय." डॉक्टर एवढंच म्हणाले, "चाचा, तिथे बघणाऱ्या पेशीच गेल्यात. काळं तरी कोण बघणार?"

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. एखादी गोष्ट समजत नसेल तर ती पूर्वी कोणाकोणाला समजली नव्हती, इथून मी सुरुवात करतो. डोळ्याच्या बाबतीत ही यादी फार मोठी आणि फार मानाची निघाली.

युक्लिडच्या किरणांमधली फट

भूमितीसाठी आपण ज्यांना ओळखतो त्या युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दृष्टीवरही एक ग्रंथ लिहिला. त्याच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडतात, पंख्याच्या काड्यांसारखे पसरतात आणि ज्या वस्तूला लागतात ती दिसते. काड्या पसरल्या की त्यांच्यात फटी पडणारच. म्हणून कोणतीही वस्तू एका वेळी संपूर्ण दिसत नाही आणि लांब गेलेली लहान वस्तू दोन किरणांच्या मधल्या फटीत सापडून नाहीशी होते, असं त्याने मांडलं. या ग्रंथाच्या पुढच्या काळातल्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत जमिनीवर पडलेल्या सुईचं उदाहरण आहे. सुई समोर असते, नजर तिच्यावरून फिरते, तरी ती दिसत नाही.

ते वाचताना मला अब्बांची सुई आठवली. पुढे टॉलेमीने युक्लिडला विरोध केला. दृष्टीचा शंकू अखंड असतो, त्यात फटी नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. किरण डोळ्यातून बाहेर जातात ही दोघांचीही कल्पना चूक होती. पण त्या चुकीच्या कल्पनेच्या पोटात एक खरा प्रश्न होता: आपण समोरचं जग सलग पाहतो की तुकड्यातुकड्यांनी? तुकड्यांनी पाहत असू तर दोन तुकड्यांच्या मध्ये काय असतं? या प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

बगदादमध्ये ठरलेलं एक नाव

डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला मराठी शाळेत दृष्टिपटल म्हणतात, डॉक्टर रेटिना म्हणतात. रेटिना हा शब्द कुठून आला याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्रीक वैद्यांनी या पडद्याला मासे पकडायच्या जाळ्याची उपमा दिली होती. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (८०९ ते ८७३) यांनी गॅलेनसारख्या ग्रीक वैद्यांचे ग्रंथ अरबीत आणले. हुनैन स्वतः नेस्तोरियन ख्रिस्ती. अब्बासी खलिफांच्या शहरात एक ख्रिस्ती विद्वान ग्रीक विद्या अरबीत आणतो आणि ती पुढे मुस्लिम, ख्रिस्ती, यहुदी असे सगळे हकीम वाचतात, असा तो काळ. डोळ्यावरच्या दहा प्रकरणांचा हुनैन यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. अरबी वैद्यकात या पडद्याला 'शबकिया' म्हणजे जाळीदार थर हे नाव रूढ झालं. उर्दूत आजही रेटिनाला शबकियाच म्हणतात. हे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा जाळ्यासाठी असलेल्या 'रेते' या लॅटिन शब्दावरून 'रेटिना' झालं.

हे नाव ठेवणाऱ्यांना पडदा जाळ्यासारखा का दिसला असेल? पातळ पडदा, त्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि काचेसारख्या द्रवाला त्याने घातलेला वेढा, एवढंच डोळ्यांना दिसत होतं. पडद्याचं काम काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. गॅलेनच्या मते पाहण्याचं काम भिंगाचं, पडदा फक्त भिंगाला पोषण आणि मेंदूकडून येणारं चैतन्य पोहोचवणारा. नाव बरोबर पडलं होतं, ते का बरोबर आहे हे समजायला मात्र अकराशे वर्षं लागणार होती.

इब्न अल-हैथम : प्रश्न आणि अर्धं उत्तर

आता त्या माणसाकडे येऊ ज्यांच्याबद्दल आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला एक तरी संदेश फिरतो. अबू अली अल-हसन इब्न अल-हैथम, जन्म बसऱ्यात ९६५ च्या सुमारास, मृत्यू कैरोत १०४० च्या सुमारास. सात भागांचा 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा ग्रंथ. फिरणाऱ्या संदेशात असं असतं की त्यांनी कॅमेरा शोधला, डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा पडते हे युरोपच्या सहाशे वर्षं आधी सांगितलं, वगैरे. दुसरीकडे अशाच संदेशाखाली 'यांनी जगाला दिलं काय?' असं विचारणारेही असतात. मला दोघांनाही एकच सांगायचं आहे, ग्रंथात काय आहे ते आधी बघू या.

इब्न अल-हैथम यांनी पहिली गोष्ट केली ती ही की डोळ्यातून किरण बाहेर जातात ही कल्पना मोडीत काढली. सूर्याकडे पाहिलं तर डोळा दुखतो, तेजस्वी वस्तूकडे पाहून नजर फिरवली तरी तिची छाप काही काळ डोळ्यात राहते. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतं आणि डोळ्यावर परिणाम करतं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. प्रकाशित वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सगळ्या दिशांना जातो. मग डोळ्याच्या प्रत्येक बिंदूवर वस्तूच्या सगळ्या बिंदूंचा प्रकाश येऊन पडणार. सगळं एकमेकांत मिसळलं तर दिसेल काय? रंगीत पातळ भाजीसारखा नुसता रंगांचा काला. तरीही आपल्याला कुर्त्याचं प्रत्येक बटण वेगळं दिसतं. कसं?

हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे त्यांच्या आधी कोणी मांडला नव्हता. त्यांचं उत्तर असं: डोळ्याच्या पृष्ठभागावर जो किरण सरळ, काटकोनात पडतो तोच प्रभावी ठरतो, तिरपे येणारे वाकतात आणि दुबळे पडतात. त्यामुळे वस्तूच्या एका बिंदूसाठी डोळ्यात एकच जागा ठरते. इथे एक बिंदू, तिथे एक जागा, हा दृष्टीचा पाया त्यांनी घातला.

आणि चूक? तीही ग्रंथातच आहे. पाहण्याची संवेदना ते गॅलेनप्रमाणे भिंगातच मानत राहिले. किरण डोळ्याच्या मध्यात एकमेकांना छेदून गेले तर प्रतिमा उलटी होईल हे त्यांच्या लक्षात आलं होतं. जग आपल्याला उलटं दिसत नाही, म्हणून छेदण्याआधीच किरण वळतात अशी रचना त्यांनी मानली. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या अनेक दिव्यांच्या उजेडाचा प्रयोग त्यांनी केला होता, पण डोळा म्हणजे तशीच खोली आहे असं ते म्हणाले नाहीत. पडद्यावरची उलटी प्रतिमा त्यांच्या हाताशी आली आणि त्यांनी ती सोडून दिली.

मला यात कमीपणा वाटत नाही. टॉलेमीवर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा हा माणूस होता. थोरांच्या लिखाणावर भरवसा न ठेवता ते तपासून बघा, अगदी स्वतःच्या समजुतीवरही शंका घ्या, हे त्यांचंच सांगणं. मग त्यांच्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवला तर त्यांचंच ऐकलं नाही असं होईल.

ग्रंथातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, तिचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. पाहणं दोन प्रकारचं असतं असं ते सांगतात: एक ओझरतं आणि दुसरं न्याहाळून. डोळ्याच्या मध्यरेषेवर असलेलं सगळ्यात स्पष्ट दिसतं, कडेचं अंधुक. म्हणून वस्तू नीट समजून घ्यायची तर डोळा तिच्या एकेका भागावरून फिरवावा लागतो. हे निरीक्षण हजार वर्षांनंतरही जसंच्या तसं उभं आहे.

केप्लर पडद्यापाशी थांबला

'किताब अल-मनाझिर' लॅटिनमध्ये गेला तेव्हा त्याच्या कर्त्याचं नाव अल्हाझेन झालं. १५७२ साली बाझेलमध्ये फ्रीडरिख रिझनरने तो छापला आणि त्याच ग्रंथात विटेलो या युरोपीय अभ्यासकाचं पुस्तकही घातलं, जे अल्हाझेनवरच आधारलेलं होतं. ग्रह-ताऱ्यांचा अभ्यास करणारा योहानेस केप्लर याच परंपरेवर काम करत होता. १६०४ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच विटेलो आहे, त्याच्यात राहून गेलेल्या गोष्टींची ही भर, अशा अर्थाचं ते नाव.

त्याआधी १५८३ मध्ये बाझेलचा वैद्य फेलिक्स प्लाटर म्हणाला होता की भिंग हे फक्त काच आहे, पाहण्याचं काम पडद्याचं. केप्लरने याला गणिताची जोड दिली. तिरपे किरण वाया जात नाहीत, एका बिंदूपासून निघालेले सगळे किरण भिंगामुळे पुन्हा एका बिंदूवर पडद्यावर गोळा होतात. इब्न अल-हैथम यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं. प्रतिमा उलटी पडते, हेही केप्लरने न घाबरता लिहिलं. पण त्या चित्राचं पुढे काय होतं, ते मनापर्यंत कसं जातं, हे बाकीच्यांनी शोधावं असं म्हणून तो तिथेच थांबला.

पडद्यावर चित्र पडतं हे कळल्यावर लोकांना वाटलं की काम झालं. पण चित्र पडणं आणि चित्र दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरही चित्र पडतं, भिंतीला ते दिसत नाही.

१६६० च्या दशकात फ्रान्समध्ये एद्म मारिओतने यातली एक विचित्र गोष्ट दाखवली. ती तुम्हीही करून बघा. दोन्ही हात समोर लांब करून अंगठे शेजारी शेजारी उभे धरा. डावा डोळा मिटा आणि उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच एकटक पाहा. आता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. साधारण वीतभर गेल्यावर त्याचं टोक गायब होईल. जिथून नस डोळ्याबाहेर पडते तिथे पडद्यावर पाहणाऱ्या पेशी नाहीत. हा अंध ठिपका प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात जन्मापासून असतो, पण तिथे आपल्याला भोक दिसत नाही, भिंतीचाच रंग दिसतो.

काहालचे बाण

पडदा आतून कसा आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिसलं. इटलीच्या कामिलो गोल्जीने १८७३ मध्ये चेतापेशी रंगवण्याची एक युक्ती काढली. त्यात हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या फांद्यांसकट पूर्ण दिसतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने ही युक्ती हाती घेऊन बेडूक, पक्षी, सस्तन प्राणी यांच्या दृष्टिपटलांची चित्रं काढली. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला त्याचा दृष्टिपटलावरचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात.

काहालला तीन मजले दिसले. सगळ्यात मागे प्रकाश पकडणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी, मध्ये त्यांचा निरोप घेणाऱ्या द्विध्रुवी पेशी आणि सगळ्यात पुढे गँगलियन पेशी, ज्यांचे लांब धागे एकत्र येऊन डोळ्याची नस बनते आणि मेंदूकडे जाते. आडवे धागे टाकणाऱ्या पेशीही होत्या. निरोप कोणत्या दिशेने जातो हे दाखवायला काहालने चित्रांत बाण काढले. पेशी वेगळ्या वेगळ्या असतात की सगळं एकच सलग जाळं असतं, यावर त्याचा आणि गोल्जीचा मोठा वाद होता. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि नोबेलच्या व्यासपीठावरूनही दोघांनी एकमेकांविरुद्धच मांडणी केली. पुढे काहालच बरोबर ठरला.

आता आकडे बघू. माणसाच्या एका डोळ्यात सुमारे ९ कोटी दंडपेशी आणि ४५ लाखांच्या आसपास शंकुपेशी असतात. मेंदूकडे जाणाऱ्या गँगलियन पेशी मात्र साधारण १० लाख. म्हणजे ९ कोटींहून जास्त पेशींनी गोळा केलेलं १० लाख धाग्यांतून जायचं. सगळं काही पाठवणं शक्यच नाही, निवड करावीच लागते. ती कशी होते?

कफ्लरचा ठिपका

१९३८ मध्ये अमेरिकेत केफर हार्टलाइनने बेडकाच्या नसेतला एकेक धागा वेगळा करून त्यातले विद्युत स्पंद मोजले. प्रत्येक धागा पडद्याच्या एका छोट्या भागावर प्रकाश पडला तरच बोलतो, बाकीच्या ठिकाणी कितीही उजेड करा, त्याला पत्ता नाही. त्या छोट्या भागाला ग्रहणक्षेत्र म्हणायला सुरुवात झाली. काही धागे उजेड लागल्यावर बोलत, काही उजेड गेल्यावर, काही दोन्ही वेळा.

सस्तन प्राण्यांचं कोडं हंगेरीत जन्मलेल्या स्टीफन कफ्लरने सोडवलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याने भूल दिलेल्या मांजरांच्या डोळ्यावर काम केलं. एका गँगलियन पेशीपाशी बारीक तार न्यायची आणि पडद्यावर उजेडाचा छोटा ठिपका इकडून तिकडे हलवत राहायचं. १९५३ साली छापलेल्या लेखात त्याने जे दाखवलं ते आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पेशीच्या क्षेत्राच्या मध्यावर ठिपका पडला की ती जोरात बोलते. तोच ठिपका थोडा कडेला सरकवला की ती गप्प होते. मध्य आणि कडा एकमेकांच्या विरोधात. काही पेशींत हे बरोबर उलटं, मध्यावर अंधार आला की त्या बोलतात. आणि मध्य व कडा दोन्हींवर सारखाच उजेड पसरला तर पेशीचं बोलणं बरंच कमी होतं.

याचा अर्थ काय? गँगलियन पेशी 'इथे किती उजेड आहे' हे सांगत नाही. 'इथे आजूबाजूपेक्षा जास्त आहे की कमी' हे सांगते. सपाट पांढऱ्या भिंतीबद्दल तिला फारसं सांगायचं नसतं. जिथे भिंत संपते आणि दार सुरू होतं तिथे तिला बोलायचं असतं. म्हणूनच वर्तमानपत्र उन्हात वाचा की सावलीत, अक्षरं काळीच दिसतात. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर डोळा कापड मोजत नाही, काठ मोजतो.

हार्टलाइनला १९६७ चं नोबेल मिळालं. कफ्लरच्या प्रयोगशाळेत कामाला सुरुवात करणाऱ्या डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांना १९८१ मध्ये मिळालं. कफ्लर त्याच्या आदल्या वर्षीच वारला होता.

शबकिया खरंच जाळं निघालं

कफ्लरने एका वेळी एक पेशी ऐकली. पण एक पेशी म्हणजे एक फरशी, संपूर्ण अंगण कसं झाकलं जातं? १९६६ मध्ये क्रिस्टिना एनरोथ-कुगेल आणि जॉन रॉबसन यांनी दाखवलं की मांजराच्या गँगलियन पेशी एकाच जातीच्या नाहीत, काही बारीक तपशील जपतात, तर काही हालचालीला आणि बदलाला जास्त दाद देतात. सशात हॉरेस बार्लो आणि विल्यम लेव्हिक यांना एका विशिष्ट दिशेने वस्तू सरकली तरच बोलणाऱ्या पेशी सापडल्या. १९७४ मध्ये ब्रायन बॉयकॉट आणि हाइन्ट्स वेसले यांनी मांजराच्या पेशींची त्यांच्या आकारावरून विभागणी केली.

मग १९८१ साली वेसले, लिओ पाइखल आणि बॉयकॉट यांनी पडदा सपाट पसरून एका जातीच्या सगळ्या पेशी एकदम रंगवल्या आणि त्यांची मांडणी पाहिली. पेशी कशाही विखुरलेल्या नव्हत्या. प्रत्येक पेशी आपल्याच जातीच्या शेजारणीपासून अंतर राखून बसलेली आणि प्रत्येकीच्या फांद्या शेजारणीच्या फांद्यांपर्यंत पोहोचलेल्या, मध्ये जागा न सोडता. उजेडाला बोलणाऱ्यांचं एक पूर्ण जाळं, अंधाराला बोलणाऱ्यांचं दुसरं पूर्ण जाळं. पडद्यावरचा कोणताही बिंदू घ्या, त्यावर दोन्ही जाळ्यांची निदान एकेक पेशी आहेच. जिथे पेशी दाट तिथे फांद्यांचा पसारा लहान, जिथे विरळ तिथे मोठा. म्हणजे जाळ्याची वीण कुठे बारीक, कुठे मोठी, पण भोक कुठेच नाही. १९९७ मध्ये स्टीव्हन डेव्ह्रीज आणि डेनिस बेलर यांनी सशाच्या पडद्यावर अनेक पेशी एकाच वेळी ऐकल्या. एका जातीच्या पेशींची ग्रहणक्षेत्रंही फरशीसारखी शेजारी शेजारी बसतात हे त्यात दिसलं.

उंदराच्या डोळ्यात आज अशा चाळीसच्या आसपास जाती मोजल्या जातात. एकाच पडद्यावर अनेक जाळी एकावर एक अंथरलेली. प्रत्येक जाळं सबंध दृश्य झाकतं आणि त्यातून आपली एकच गोष्ट निवडतं. कोणी काठ, कोणी हालचाल, कोणी नुसताच दिवस आहे की रात्र. बगदादच्या हकिमांनी दिलेलं नाव इतकं शब्दशः खरं ठरेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल.

माणसाच्या पडद्याच्या मध्यभागी ही वीण सगळ्यात बारीक आहे. तिथे एका शंकुपेशीचा निरोप जवळजवळ तिच्या एकटीसाठी राखलेल्या गँगलियन पेशींकडे जातो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच हा भाग, पण वाचन, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं सगळं त्याच्यावर. कडेला मात्र एक पेशी शेकडो दंडपेशींचा एकत्रित निरोप घेऊन बसते. इब्न अल-हैथम यांनी सांगितलेलं न्याहाळणं म्हणजे हेच, बारीक विणीचा तो तुकडा आपण जगावरून सतत फिरवत असतो.

भोक कोणाला दिसतं?

आता अब्बांचा कागद मला वाचता येतो. काचबिंदूत मरतात त्या गँगलियन पेशी. त्यांचे धागे कमानीसारखे वळत नसेकडे जातात, म्हणून कागदावरचे डाग कमानीचे. सुरुवातीला मध्यभाग वाचतो, म्हणून तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात आणि चष्म्याच्या नंबरात काही कळत नाही. सस्तन प्राण्यांत या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. आणि जिथली पेशी गेली तिथून 'इथे अंधार आहे' असा निरोपही येत नाही, कारण अंधाराचा निरोप देणारीही पेशीच असते. मेंदू आजूबाजूचं घेऊन जागा भरून टाकतो. अब्बांची सुई अशाच भरून टाकलेल्या जागेत पडत होती, सतरंजीच्या रंगाखाली.

फील्ड टेस्टचं यंत्र म्हणजे कफ्लरचाच ठिपका. नेहमीच्या एका तपासणीत मध्याभोवती सहा-सहा अंशांवर ५४ ठिकाणी उजेड चमकवतात आणि टक असा आवाज येतो का ते ऐकतात. कफ्लर मांजराच्या पेशीचं ऐकत होता, ती मुलगी अब्बांच्या बोटाचं ऐकत होती.

इतिहासाबद्दलही मला हेच वाटू लागलं आहे. जे माहीत नाही ते आपल्याला रिकामं दिसत नाही, आजूबाजूच्या रंगाने भरलेलं दिसतं. इब्न अल-हैथम यांचं पुस्तक न वाचता त्यांना सगळ्याचे जनक करणारे आणि त्यांचं नावही न ऐकता 'यांनी दिलं काय' विचारणारे, दोघांचंही चित्र त्यांच्यापुरतं भरलेलं असतं. या गोष्टीत ग्रीक आहेत, बगदादचा ख्रिस्ती आहे, बसऱ्याचा मुसलमान आहे, जर्मन, स्पॅनिश, हंगेरियन आहेत. प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा दिसला आणि तो दुसऱ्याला लागून होता, म्हणून जाळं पूर्ण झालं.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. अब्बांना रोज रात्री थेंब घालायचे आहेत. त्यांनी गेलेलं परत येत नाही, डोळ्यातला दाब कमी राहून उरलेलं टिकतं. रमजानमध्ये त्यांना दिवसाही एक औषध होतं, ते त्यांनी रोजा मोडेल म्हणून न सांगता बंद केलं. चार दिवसांनी मला कळलं. मशिदीतल्या मौलानांना विचारलं तर ते म्हणाले, डोळ्यात औषध घातल्याने रोजा मोडत नाही, हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत हेच आहे. महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान या दोनपैकीच एका मसलकाचे. तेव्हा तुमच्या घरात कोणी असं करत असेल तर आजच विचारून घ्या. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणाला काचबिंदू असेल आणि तुमची चाळिशी उलटली असेल तर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. नस बघायला सांगा, दाब मोजायला सांगा.

मीही गेल्या महिन्यात त्या यंत्रासमोर बसलो. मागच्या स्टुलावर अब्बा होते. मलाही सगळ्या बत्त्या दिसल्यासारखंच वाटलं. बाहेर आल्यावर अब्बांनी विचारलं, "सगळं दिसलं का?" मी म्हणालो, "कागद येऊ दे, मग सांगतो."